एकटीची प्रॅक्टिस आहे, उद्या मला काही झालं तर क्लायंटना कोण सांगणार?

आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. कोल्हापुरात राजारामपुरीत चार वर्षांपासून तुमची एकटीची प्रॅक्टिस आहे. आठवड्याला वीसेक क्लायंट, रिसेप्शनला कुणी नाही, अपॉइंटमेंटची डायरी मोबाईलमध्ये. शेजारच्या जिल्ह्यातले एक थेरपिस्ट अचानक गेले. त्यांच्या एका क्लायंटला ही बातमी चौकात लागलेल्या ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या डिजिटल बोर्डावरून कळली. ती आता तुमच्याकडे येते. त्यावरून तुम्ही विचारता की वकिलाकडून कुठला कागद करून घ्यावा, मिस्टर म्हणतात ‘मी करीन की सगळ्यांना फोन’ ते पुरेल का, आणि केस नोट्सचं काय करायचं.

कागदाचं मी शेवटी ठेवते, कारण तो यातला सगळ्यात सोपा भाग आहे. अडचण वेगळीच आहे. संध्याकाळी सहाच्या सेशनला एक मुलगी जिना चढून येते आणि दाराला कुलूप असतं. ती फोन लावते, फोन बंद. पुण्यात नोकरी करणारा दुसरा क्लायंट व्हिडिओ कॉल उघडून बसलाय, समोर कुणीच नाही. या दोघांना कुणी, किती वेळात आणि कुठल्या शब्दांत सांगायचं? आणि सांगणाऱ्याला त्यांचे नंबर मिळणार कसे, तेही बाकीचं काही उघड न होता? एवढ्याची सोय झाली की निम्मं काम झालं. त्यासाठी एक योग्य माणूस लागतो आणि एक यादी लागते.

तुम्ही एखाद्या हॉस्पिटलमध्ये किंवा संस्थेत काम करत असता तर यातलं बरंच ओझं त्यांच्यावर असतं, कारण रेकॉर्ड त्यांचं आणि टेलिफोनवर बसणारा माणूसही त्यांचाच. एकटीच्या प्रॅक्टिसमध्ये तुम्ही म्हणजेच अख्खी संस्था. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या २००२ च्या आचारसंहितेत याबद्दल सरळ लिहिलंय: आजार, मृत्यू, स्थलांतर अशा कारणांनी सेवा खंडित झाली तर पुढे काय, याची तजवीज मानसतज्ज्ञाने आधीच करायची आणि रेकॉर्ड कुणाकडे जाणार हेही ठरवून ठेवायचं. आपल्याकडे हे शिकवलं फार कमी जातं. घरी विषय काढला तर ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ऐकावं लागतं.

मिस्टरांबद्दल आधी बोलू. माझं मत स्पष्ट आहे: नवऱ्याने, मुलाने, बहिणीने क्लायंटना फोन करू नयेत. ते विश्वासू नाहीत असं मुळीच नाही. पण कोल्हापूर म्हणजे शेवटी पेठा, तालमी आणि पाहुणेरावळे. त्या यादीत त्यांना काय दिसेल याचा विचार करा. त्यांच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याची बायको, मुलाच्या शाळेतल्या बाई, गल्लीतल्या मंडळाचा अध्यक्ष. यातल्या कुणीही तुमच्याकडे येताना ‘हे तुमच्या घरच्यांना कळलं तरी चालेल’ असं म्हटलेलं नाही. आणि तो माणूस त्या वेळी असणार कुठे? सीपीआर हॉस्पिटलच्या आवारात, नाहीतर पंचगंगेवरच्या स्मशानात. स्वतःच हादरलेल्या माणसाच्या हातात वीस नाजूक संभाषणं द्यायची, हा त्याच्यावरही अन्यायच. त्यातला एखादा क्लायंट फोनवर रडायला लागला तर कोण कुणाला सावरणार?

घरच्यांचं काम एका फोनपुरतं ठेवा. माझ्या नवऱ्याच्या पाकिटात एक छोटं कार्ड आहे. त्यावर दोन नावं आणि दोन नंबर. सूचना इतकीच, की मला काही झालं तर यांना कळवायचं आणि क्लिनिकची किल्ली यांच्याखेरीज कुणाला द्यायची नाही. यादीत काय आहे हे त्याला माहीत नाही. त्यानेही कधी विचारलं नाही.

आता क्लायंटना फोन करणारा हा माणूस कोण? तो आपल्याच क्षेत्रातला हवा, म्हणजे गोपनीयता त्याला शिकवावी लागत नाही. कठीण फोन करायची त्याला सवय असली पाहिजे. आणि त्याचं तुमच्याशी नातं फार जवळचं नको. जिवलग मैत्रीण पहिल्यांदा आठवते, पण तुम्ही गेल्यावर तीही कोलमडलेली असेल. मी सुपरव्हिजन ग्रुपमधली, म्हणजे जिथे आम्ही थेरपिस्ट एकमेकींच्या कामाबद्दल चर्चा करतो तिथली, एक सहकारी निवडली आहे. तिच्या कामाबद्दल मला आदर आहे आणि आम्ही एकमेकींच्या घरी जेवायला जात नाही. मी तिच्यासाठी आणि ती माझ्यासाठी, अशी ही दुतर्फा व्यवस्था आहे. त्यामुळे मागताना संकोच होत नाही.

कार्डावरचं दुसरं नाव पंचगंगेपलीकडचं असू द्या, हे मी इथे आग्रहाने सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ता बंद पडला. शहराच्या बऱ्याच भागांत वीज नव्हती, मोबाईल चार्ज करायची सोय नव्हती. अशा दिवसांत तुम्ही आणि तुमची कोल्हापुरातली सहकारी, दोघीही एकाच संकटात असू शकता. माझं दुसरं नाव पुण्यातलं आहे. फोन तिथूनही करता येतात. आणि हो, ज्या दोघींनी एकमेकींची जबाबदारी घेतली आहे त्यांनी कॉन्फरन्सला एकाच गाडीतून जाऊ नये. आम्ही यावर हसतो, पण जातो वेगवेगळ्या गाड्यांनी.

मानधनाबद्दल बोलायला आपण लाजतो. वीस-पंचवीस लोकांना फोन करणं, काहींना भेटणं, नोट्सची विल्हेवाट लावणं हे आठवडाभराचं काम आहे. तुमच्या पश्चात तिला किती रक्कम द्यायची ते लिहून ठेवा आणि ती घ्यायचीच असंही लिहा.

यादीबद्दल मात्र मी जरा लांबण लावणार आहे, कारण चुका तिथेच होतात. बहुतेक जण नाव आणि नंबर लिहून मोकळे होतात. पण आपल्याकडे मोबाईल नेहमीच एका माणसाचा नसतो. सासूच्या हातात असतो, मुलाच्या अभ्यासाला लागतो, नवरा मेसेज बघतो. काही क्लायंटनी माझा नंबर शिलाईवाल्या ताई, योगा क्लास अशा नावांनी सेव्ह केलेला आहे. म्हणून प्रत्येक नावापुढे लिहायचं की फोन चालेल की मेसेज, कुठल्या वेळी, दुसऱ्या कुणी उचलला तर काय म्हणायचं, आणि घरी थेरपीबद्दल माहीत आहे की नाही. ही माहिती तुमच्याशिवाय कुणाकडेच नाही. तुम्ही गेलात की तीही गेली.

त्यानंतर क्रम. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार अलीकडे येऊन गेलेत, ज्यांच्या घरी मारहाण चालू आहे, ज्यांचं नुकतंच कुणी वारलंय, त्यांना त्याच दिवशी फोन गेला पाहिजे. मी अशा नावांपुढे साधी फुली करते. नियमित येणाऱ्यांना दोन दिवसांत. महिन्या-दोन महिन्यांनी येणाऱ्यांना आठवड्यात. जे औषधांवर आहेत त्यांच्या सायकियाट्रिस्टचं नाव आणि नंबर त्याच ओळीत लिहा. तुम्ही औषधं देत नसलात तरी ती चालू राहिली पाहिजेत. खचलेला माणूस सगळ्यात आधी गोळ्या बंद करतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

यादीत आजाराचं निदान लिहू नका. ‘नैराश्य’, ‘लग्नाबाहेरचे संबंध’, ‘व्यसन’ यातला एकही शब्द नको. यादी चुकीच्या हातात पडली तरी कुणाला काय त्रास आहे ते त्यातून कळता कामा नये, आणि नावापुढच्या फुलीचा अर्थ तुमच्या सहकारीलाच ठाऊक असला पाहिजे. तिला नोट्स वाचायची गरज नाही. फोन करण्यापुरतं यादीत आहे.

यादी ठेवायची कुठे? मोबाईलमध्ये ठेवली तर तुमच्या बोटाशिवाय ती उघडणार नाही. यावर लोक म्हणतात, गूगलची सोय आहे ना. आहे, खातं वापरात नसेल तर ठरवलेल्या माणसाला माहिती पाठवायची सोय आहे, पण त्यासाठीची कमीत कमी मुदत तीन महिने. ॲपलचीही वारसासाठी व्यवस्था आहे, ती मृत्यूचा दाखला मागते. मृत्यूची नोंद करायलाच २१ दिवसांची मुदत असते. इथे आपल्याला पहिले दोन दिवस गाठायचे आहेत आणि तुम्ही आयसीयूमध्ये असाल तर दाखल्याचा प्रश्नच येत नाही. म्हणून मी जुन्या पद्धतीने जाते: बंद पाकिटात छापील यादी, क्लिनिकच्या कपाटात, वरच्या कप्प्यात. पाकिटावर सहकारीचं नाव आणि माझी सही. दर महिन्याला वीजबिल भरते त्याच दिवशी नवी यादी ठेवते आणि जुनी फाडते. तुमचं क्लिनिक शाहूपुरीसारख्या पुराचं पाणी येणाऱ्या भागात तळमजल्यावर असेल तर पाकीट तिथे नको. ज्यांना संगणकाची सवय आहे त्यांनी पासवर्ड घातलेली फाईल सहकारीकडे द्यावी आणि पासवर्ड घरच्यांकडे. म्हणजे दोघं एकत्र आल्याशिवाय काही उघडणार नाही.

आता सांगायचं कसं. व्हॉट्सॲप ग्रुप कधीही करायचा नाही. हे सांगायची गरज नसावी, पण घाईत माणूस तेच करतो. ग्रुप केला की सगळ्यांना एकमेकांचे नंबर दिसतात आणि जे आपण वर्षानुवर्षं जपलं ते एका क्षणात उघडं पडतं. स्टेटसही ठेवायचं नाही. प्रत्येकाला वेगळा फोन. माझ्या पाकिटात सहकारीसाठी हे शब्द लिहून ठेवलेत: ‘नमस्कार, मी अमुक, मीही समुपदेशक आहे. तुमचा नंबर मॅडमनी त्यांना काही झालं तर कळवण्यासाठी माझ्याकडे दिला होता. तुम्ही आत्ता बोलू शकता का? जवळ कुणी आहे का?’ एवढ्यावर थांबायचं, ऐकायचं, मग बातमी. बातमी सरळ शब्दांत: ‘त्या काल वारल्या.’ ‘आता आपल्यात नाहीत’ वगैरे गोल बोललं की समोरचा मिनिटभर अर्थ लावत बसतो. फोन दुसऱ्याने उचलला तर ‘त्यांच्याशी काम होतं, नंतर करते’ एवढंच. क्लिनिकचं नाव घ्यायचं नाही.

कारण विचारलं जातं. विचारणारच. खोटं सांगू नये, तपशील देऊ नये. हार्ट अटॅक, अपघात, आजार एवढं पुरे. थेरपिस्टने स्वतःच जीव दिला असेल तर? असं होऊ शकतं आणि त्याचा विचार केलेला बरा. तेव्हाही खोटं नको, कारण आपल्या गावात संध्याकाळपर्यंत बातमी पोचतेच आणि मग खोटं सांगणाऱ्यावरचा विश्वासही जातो. कसं केलं ते मात्र सांगायचं नाही. अशा वेळी फुली असलेल्यांना पुन्हा दुसऱ्या दिवशी फोन करायचा. प्रत्येकाला टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर द्यायचा. तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाबद्दल मला स्वतंत्र बोलायचंय. पेपरात जाहिरात येते, ‘रक्षाविसर्जन उद्या सकाळी नऊ वाजता’, आणि काही क्लायंटना यावंसं वाटतं. त्यांना येऊ द्यावं. पण आपल्याकडे अनोळखी माणूस दिसला की लगेच विचारतात, ‘तुम्ही कुठले? ओळख कशी?’ माझ्या घरच्यांना मी सांगून ठेवलंय की ओळखीचा नसलेला कुणी आला तर नमस्कार करा, चौकशी करू नका. ज्यांना गर्दीत यायचं नाही त्यांच्यासाठी सहकारीने आठवड्याभरात एक संध्याकाळ क्लिनिक उघडं ठेवावं, प्रत्येकाला वेगळी वेळ देऊन. काहींना फक्त त्या खुर्चीत एकदा बसायचं असतं.

याचं कारण असं, की या दुःखाला घरात जागा नसते. शिक्षक गेले तर सांगता येतं, डॉक्टर गेले तर सांगता येतं. थेरपिस्ट गेले हे ज्या घरात थेरपीच माहीत नाही तिथे सांगणार कसं? माणूस स्वयंपाक करत राहतो, दुकानात बसतो आणि आतून पोखरत जातो. त्यात ज्याच्यापाशी हे बोलायचं तोच गेलेला. तुमच्याकडे ती जी क्लायंट आली आहे तिचंही असंच असेल. तिच्या जुन्या प्रश्नांकडे घाईने जाऊ नका. आधीच्या थेरपिस्टच्या नोट्स मिळवायच्या मागेही लागू नका. अशा क्लायंटबरोबर माझी पहिली कित्येक सेशन त्या गेलेल्या माणसाबद्दलच होतात: ते कसे बसायचे, काय म्हणायचे, ‘शेवटच्या वेळी मी त्यांच्यावर चिडले होते’. तुलना होते, ‘ते असं विचारायचे नाहीत’ हे ऐकावं लागतं. ऐकायचं. बोर्डावरून कळलं याचा रागही येईल आणि तो तुमच्यावर निघेल, कारण समोर तुम्ही आहात.

हाच अनुभव धरून तुमच्या क्लायंटना पुढे कुणाकडे पाठवायचं ते ठरवा. सहकारीने क्लायंटला एकच नाव देऊ नये, स्वतःचं तर नाहीच. दोन-तीन नावं द्यावीत आणि त्यातलं निदान एक फी परवडणारं असावं. मी माझ्या यादीत काहींच्या पुढे सुचवणीही लिहून ठेवते: हिला बाई थेरपिस्टच हवी, याला कन्नड येणारं कुणी, निपाणी-बेळगावकडून येणाऱ्यांना तिकडचंच जवळ पडेल. काही जण म्हणतील की आता कुणाकडेच जायचं नाही. त्यांना ढकलू नये. महिन्याने एक फोन करावा आणि तो करायचा आहे हे सूचनांमध्ये लिहून ठेवावं, नाहीतर राहून जातो.

इथपर्यंत मृत्यूचं झालं. मला जास्त काळजी असते ती मधल्या अवस्थेची. अपघातानंतर बेशुद्ध, पक्षाघात, डेंग्यूने तीन आठवडे अंथरुणाला. तुमच्या-माझ्या वयात याची शक्यताच जास्त. आणि कायद्याचे ओळखीचे कागद नेमके इथेच उपयोगी पडत नाहीत. मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं. मुखत्यारपत्र माणूस जिवंत असताना चालतं, पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारी देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची मानसिक क्षमता गेली की ती संपते. म्हणजे तुम्ही कोमात असताना त्या कागदावर विसंबून कुणी काही करायला गेलं तर त्याच्या पायाखाली जमीन नाही. ही फट क्लायंटच्या संमतीने भरावी लागते, त्याकडे येतेच.

आधी हे ठरवा की ‘मी काम करू शकत नाही’ हे म्हणणार कोण. माझ्याकडे लिहिलंय: मी दवाखान्यात असून तीन दिवस स्वतः क्लायंटशी बोलू शकत नसेन, किंवा न कळवता दोन सेशन चुकवली आणि घरचेही समाधानकारक उत्तर देऊ शकले नाहीत, तर सहकारीने पाकीट उघडावं. क्लायंटना सांगताना परतीची तारीख देऊ नये. ‘सोमवारपासून येतील’ असं म्हटलं आणि सोमवार उलटला की जखम पुन्हा उघडते. ‘सध्या येऊ शकत नाहीत, पंधरा दिवसांनी मी पुन्हा फोन करीन’ हे पाळता येतं. या मधल्या काळात आधाराला एखादा दुसरा थेरपिस्ट हवा का, हेही तेव्हाच विचारावं.

हळूहळू येणारी अवस्था आणखी अवघड. विसर पडायला लागतो, एका वेळेला दोन अपॉइंटमेंट दिल्या जातात, एका क्लायंटची गोष्ट दुसऱ्याला जोडली जाते. हे आपलं आपल्याला सगळ्यात शेवटी कळतं. मी दोन सहकाऱ्यांना सही करून लिहून दिलंय की असं दिसलं तर मला थांबायला सांगा. मी तेव्हा वाद घालीनच, स्वभाव माहीत आहे मला. म्हणून सही आत्ता करून ठेवली.

क्लायंटची संमती पहिल्या सेशनच्या फॉर्ममध्येच घ्या. माझ्या फॉर्मवर वाक्य असं आहे: ‘मी अचानक काम करू शकले नाही किंवा माझा मृत्यू झाला, तर माझी एक व्यावसायिक सहकारी आपल्याला कळवेल. त्यासाठी आपलं नाव, नंबर आणि संपर्काची पद्धत तिला मिळेल. याला संमती असल्यास आपण खाली सही करावी.’ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि उपचारासाठी दुसऱ्या मानसिक आरोग्य व्यावसायिकाला माहिती देण्याची मुभाही देतं. पण तो कायदा मानसिक आजार असलेल्या व्यक्तीबद्दल बोलतो. तुमच्याकडे लग्नाआधी बोलायला येणारं जोडपं किंवा करिअरच्या गोंधळातला मुलगा त्यात बसेलच असं नाही. म्हणून सरसकट सगळ्यांची लेखी संमती घ्या, म्हणजे वाद उरत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात वारस नेमण्याची सोय आहे असं तुम्ही ऐकलं असेल. ती ज्याचा डेटा आहे त्याच्यासाठी, म्हणजे क्लायंटने स्वतःच्या पश्चात कुणाला नेमायचं त्याबद्दल आहे. आपल्या पश्चात काय, याचं उत्तर त्यात शोधू नका.

फॉर्मवरचं ते संमतीचं वाक्य वाचून काही जण दचकतात. ‘मॅडम, तुम्हाला काही झालंय का?’ मी सांगते, नाही, तब्येत ठणठणीत आहे, हे सगळ्यांनाच विचारते. बहुतेक जण ‘शंभर वर्षं जगा’ म्हणून सही करतात. ज्यांना लहानपणी कुणी सोडून गेलंय त्यांच्यासाठी मात्र तो प्रश्न एवढ्याने संपत नाही. त्यांच्याबरोबर हा विषय पुन्हा निघतो आणि निघू द्यावा, कारण बऱ्याचदा खरं काम तिथेच असतं. जुने क्लायंट असतील तर फॉर्म पुढे सरकवण्याआधी तोंडी बोला.

नोट्सचं माझं धोरण दोन भागांत आहे. तारखा, सेशनचा विषय, जोखमीची नोंद, कुणाकडे पाठवलं हे अधिकृत रेकॉर्ड. ते मी शेवटच्या सेशननंतर सात वर्षं ठेवते, अठरा वर्षांखालच्यांचं त्याहून जास्त, आणि ही मुदत फॉर्मवर लिहिलेली आहे. डॉक्टरांसाठी दाखल रुग्णांचं रेकॉर्ड तीन वर्षं ठेवायचा नियम आहे, पण आपलं काम त्या चौकटीत नीट बसत नाही, म्हणून मी जास्तीची बाजू धरली. दुसरा भाग म्हणजे माझी स्वतःची वही: मला काय वाटलं, कुठे अडले, कुठलं स्वप्न ऐकून गडबडले. ही वही न वाचता फाडायची, अशी लेखी सूचना आहे. खरं तर ती मी स्वतःच दर काही महिन्यांनी फाडते. अधिकृत रेकॉर्डही घरच्यांकडे जाणार नाही. सहकारी ते कुलपात ठेवेल, क्लायंटने मागितलं तर मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २५, म्हणजे स्वतःचं रेकॉर्ड मिळण्याचा हक्क, लक्षात ठेवून देईल आणि मुदत संपल्यावर नष्ट करेल. पोलिस किंवा कोर्टाकडून मागणी आली तर वकिलाला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही, हेही लिहा. आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवायचं काम अर्धवट असेल तर ते यादीत ठळक हवं. कळवण्याची जबाबदारी तुमच्याबरोबर संपत नाही. ज्याला कळलं त्याच्यावर ती येते.

आता वकिलाचा कागद. वर सांगितलेलं सगळं एका पत्रात लिहा: सहकारीचं नाव, तिला काय करायची परवानगी, नोट्स, मानधन. दोघींच्या सह्या. हे पत्र म्हणजे कायद्याने बांधलेलं मृत्युपत्र नाही, सूचना आणि संमतीचा पुरावा आहे. शिवाय तुमच्या नेहमीच्या मृत्युपत्रात वकिलांना एक परिच्छेद घालायला सांगा की क्लिनिकमधलं रेकॉर्ड, तिथला लॅपटॉप आणि मोबाईल यांची व्यवस्था या पत्राप्रमाणे करावी. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्या परिच्छेदामुळे उद्या दिराने किंवा भावाने ‘लॅपटॉप घरचा आहे’ म्हणून तो उघडला तर सहकारीच्या हातात काहीतरी राहतं. वकील हा विषय पहिल्यांदाच ऐकत असतील. त्यांना क्लायंटची यादी दाखवायची नाही, फक्त पत्राचा मसुदा दाखवायचा.

पैशाचं पटकन सांगते. कुणी पुढच्या सेशनचे पैसे आगाऊ यूपीआयने दिले असतील तर कुणाचे किती परत करायचे ते यादीत लिहा. उलट कुणाकडून फी येणं बाकी असेल तर मी सोडून द्यायला सांगितलंय. दुःखात असलेल्या माणसाला वसुलीचा फोन जाऊ नये. मृत्युपत्र न करता गेलात तर तुमच्या खात्यातले पैसे वारसांकडे जातील, त्यामुळे परतावा कुणी द्यायचा हे घरच्यांना आधी सांगितलेलं बरं.

आणि जागा भाड्याची असेल तर मालकांशी आत्ताच बोला. महिना संपला की कुलूप तोडून सामान बाहेर काढणारे मालक असतात, आणि त्या सामानात फाईली असतात. माझ्या भाडेकरारात ओळ आहे की माझ्या पश्चात दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करावं आणि त्या काळात किल्ली फक्त अमुक व्यक्तीकडे राहावी. दारावर लावायची चिठ्ठीही पाकिटात तयार आहे: ‘क्लिनिक बंद आहे. अपॉइंटमेंटसाठी या नंबरवर फोन करावा.’ नंबर सहकारीचा. फोटो, हार, तारीख काही नाही, कारण त्या जिन्यावरून वरच्या मजल्यावरचे लोकही जातात.